सरासरी कुणाची?

सरांचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा होता, जन्मापासूनच. हिंगोलीच्या बाजारात ते बूट घ्यायला गेले की दुकानदार दोन्ही पायांकडे बघून मधला नंबर काढायचा आणि म्हणायचा, "ये लो साहब, दोनों को बराबर आयेगा." सर तो जोड घालून दुकानातल्या दुकानात दोन-चार चकरा मारायचे. मग बूट काढून पुढे सरकवायचे. "बराबर हाय. दोन्ही पायांला सारखीच तकलीफ देतो." शेवटी मोठ्या पायाच्या मापाचा जोड घरी यायचा आणि डाव्या बुटात कापूस कोंबला जायचा. कापूस प्रयोगशाळेतला. आमच्या विभागात कापूस कायम कमी का पडतो हे शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, पण सरांच्या पायाकडे बघून बोलायचं धाडस कुणी केलं नाही.

सर जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यावर कुणी काही लिहिल्याचं मला माहीत नाही. लिहिण्याजोगं त्यांनी केलं तरी काय, असं त्यांचे सहकारी म्हणतील, आणि ते अगदीच खोटं नाही. ते मोठे संशोधक नव्हते. बढती मिळाली तीही निवृत्तीच्या तोंडावर. मी त्यांची विद्यार्थिनी. जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण संपवून औषधशास्त्रातल्या पुढच्या पदवीसाठी मी त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलांनी माझी मनापासून कीव केली. "सरांकडं थिसिस होतो," एकानं धीर दिला, "फक्त कधी होतो ते विचारू नको."

औषध टोचल्यावर ते रक्तात किती चढतं, कधी चढतं आणि अंगातून जायला किती वेळ घेतं, हा त्यांचा विषय. शेळ्या राखणाऱ्या बायांना ते सांगायचे, "औषध म्हंजी पाव्हणा. कवा आला, किती हातपाय पसरले आन् कवा गेला, तेवढं आमी लिहून ठिवतो." बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एखादी धीट बाई विचारायची, "आन् गेलाच न्हाई तर?" असा प्रश्न आला की सर खूश. त्या बाईच्या सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध स्वतःच्या हातानं पाजून मगच ते उठायचे.

सरासरी हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी मार्कांची सरासरी म्हणो की पावसाची, सरांचा प्रश्न ठरलेला, "कुणाची?" समोरचा गोंधळायचा. पावसाची सरासरी कुणाची म्हणजे काय? मग सर त्याला शेजारच्या दोन गावांची नावं घेऊन विचारायचे, की इथं धो धो पडला आणि तिथं टिपूस नाही, तर तुझ्या सरासरीवर पेरणी कुठल्या गावानं करायची? हा प्रश्न त्यांनी एकदा एका लग्नाच्या पंगतीत, वाढपी हातात पळी घेऊन उभा असताना, शेजारच्या निवृत्त तलाठ्याला विचारला होता. तलाठी उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले.

औंढ्याच्या स्टँडवरची गोष्ट तर माझ्या डोळ्यांदेखतची. हिंगोलीची गाडी साधारण अर्धा तास उशिरा येते, असं कंट्रोलरनं सांगितलं. सरांनी खिडकीत डोकं घातलं. "साधारण ऱ्हाऊ द्या. लई म्हंजी लई उशीर किती?"

कंट्रोलर वैतागून म्हणाला, "एक डाव आलीच न्हवती."

"हां, आता कसं बोलले," असं म्हणून सरांनी मला काळी-पिवळी जीपमध्ये कोंबलं. आमच्या मांडीवर दुसऱ्यांची पिशवी, पाठीत तिसऱ्याचं कोपर. दहा मिनिटांत एसटी आली आणि रिकाम्या सीटा मिरवत आम्हाला मागं टाकून गेली. मी तिच्याकडे बघत राहिले. सर दुसऱ्या बाजूच्या शेतांकडे ज्या एकाग्रतेनं बघत होते, त्यावरून त्यांनीही ती पाहिली असणार.

त्यांच्या घरच्या भिंतीवर आलेख काढायचा एक खास कागद चिकटवलेला असायचा. त्याच्या रेघा खाली विरळ आणि वर दाट. औषध शरीरातून जातं ते ठरावीक वेळात निम्मं, मग निम्म्याचं निम्मं, असं. साध्या कागदावर ती घसरण वाकडी दिसते, या कागदावर सरळ रेघ होते. सरांनी ह्या कागदावर काय काय मांडलं होतं! काकूंचा राग सुद्धा. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. भांडण झालं की राग पहिल्या तासात निम्मा होतो, दुपारपर्यंत पाव उरतो, पण त्याची शेपटी फार लांब असते, असा सरांचा निष्कर्ष होता. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा काकूंनी स्वतःच तो कागद दाखवला. "हे बघ, माझा ताप," त्या म्हणाल्या. मी ताप समजूनच 'अरेरे' म्हणाले. काकू पोट धरून हसल्या.

शिकवताना मात्र माणूस वेगळाच. तक्ता मांडणं हे त्यांच्या लेखी देवपूजेइतकं गंभीर काम होतं. मी केलेला पहिला तक्ता त्यांनी हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचली. त्यात सगळ्या मापांची सरासरी होती आणि पुढे अधिक-उणे करून स्टँडर्ड एरर, लायब्ररीतल्या प्रत्येक थिसिसमध्ये असतं तसंच. सरांनी पेन्सिलीचं टोक त्या अधिक-उणेवर ठेवलं.

"हे काय आहे?"

"स्टँडर्ड एरर, सर."

"हे कशासाठी लावतात माहीत आहे? आकडा छोटा दिसतो म्हणून. फोटो काढताना पोट आत ओढून घेतात ना, ते हे. सरासरी किती पक्की आहे ते यातून कळतं. शेळ्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत ते नाही कळत. तुझी पोट सुटलेली शेळी कुठाय ते मला बघायचंय."

म्हणून मग मी शेळ्याशेळ्यांमधला खरा फरक दाखवणारा आकडा काढला, तर तो सरासरीपेक्षाही मोठा निघाला. सरांनी वजाबाकी करून दाखवली. उत्तर शून्याच्या खाली. "म्हणजे काही शेळ्यांच्या रक्तात औषध उणे आहे. उद्या त्या आपल्याकडून उसनं मागायला येतील." रक्तातली औषधं अशी एकीकडे कललेली असतात, एखादी शेळी सगळ्यांना ओढून वर नेते, म्हणून आकड्यांची बेरीज करून भागायचं नाही, गुणाकार करून मूळ काढायचं, तो जिओमेट्रिक मीन द्यायचा, आणि फरक टक्क्यांत सांगायचा, हे मी त्या दिवशी शिकले. पुस्तकात ते होतंच. पण पुस्तकानं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

दुसरा धडा लगेच दुसऱ्या ओळीत. औषध रक्तात सर्वांत जास्त कधी होतं, त्या वेळेचीही मी सरासरी काढली होती. सरांनी विचारलं, "ह्या वेळेला रक्त कोणी काढलं?"

कुणीच नव्हतं काढलं. आम्ही ठरलेल्या वेळांनाच रक्त काढत होतो, आणि माझी सरासरी दोन वेळांच्या मधल्या मोकळ्या जागेत जाऊन पडली होती. "जिथं आपण हजर नव्हतो तिथली साक्ष देऊ नये," सर म्हणाले. अशा वेळेचा मध्यक द्यायचा, म्हणजे ओळीनं लावल्यावर मधोमध येणारा, आणि त्याच्याजवळ सर्वांत लवकरचा आणि सर्वांत उशिराचा. एवढं बोलून त्यांनी सगळा तक्ता परत केला. मी खोलीवर येऊन कागद भिरकावला. त्यांच्या बोलण्यात चूक शोधून सापडत नव्हती, यानंच डोकं जास्त तापायचं.

माझ्या अभ्यासाच्या शेळ्या सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका वाडीत होत्या. सर मूळचे त्याच भागातले, त्यामुळे तिथं गेलं की त्यांची भाषाही चप्पल काढावी तशी सहज बदलायची. वाडीतली बहुतेक घरं शेळ्या-मेंढ्या राखणारी. त्यातल्या धुरपताबाईंच्या शेळ्या आम्ही निवडल्या. धुरपताबाई साठीच्या, उंच, आवाज खणखणीत. शेळ्यांना कानात बिल्ला टोचून नंबर द्यायचा नियम होता, पण धुरपताबाईंनी कानाला हात लावू दिला नाही, आणि सरांनी त्यांचीच बाजू घेतली. त्यामुळे माझ्या कच्च्या नोंदींत एक, दोन, तीन असं काही नाही. काळी, शिंगी, लंगडी, बांडी, अशा त्या आहेत. बांडी म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेली. वयानं सर्वांत मोठी आणि स्वभावानं माझी वैरीण. सुई बघितली की ती आधी माझ्याकडे बघायची, मग सरांकडे, आणि लाथ मात्र मलाच मारायची.

शेळ्यांना फुफ्फुसाच्या आजारावर देतात त्या औषधाचं इंजेक्शन द्यायचं, ठरावीक वेळांनी मानेच्या शिरेतून रक्त आणि धारेचं दूध घ्यायचं, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून कॉलेजात आणायचं. कॉलेजातली पद्धत सोपी होती. काचेच्या थाळीत जंतूंचा थर वाढवायचा, त्याला छोटी भोकं पाडायची, भोकात नमुना टाकायचा. औषध असेल तर भोकाभोवतीचे जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ कडं उमटतं. कडं जेवढं मोठं, तेवढं औषध जास्त. कडं नाही, तर तक्त्यात शून्य. त्या शून्यावरूनही सरांशी वाद होताच. "शून्य नाही ते. आपल्याला दिसलं नाही. दिसलं नाही आणि नाही, ह्या दोन गोष्टी आहेत," ते म्हणायचे. पण शून्य लिहिलं की बेरीज करायला सोपं जातं, आणि सगळे तसंच करतात.

औषध अंगात आहे तोवर दूध कुणी प्यायचं नाही, हे धुरपताबाईंनी आधीच मान्य केलं होतं. तरी त्या रोज एकच प्रश्न विचारायच्या, "बांडीचं कवा चालू करू?" मला वाटायचं, बांडी जास्त दूध देत असेल. तिसऱ्या दिवसाच्या दुधाच्या थाळ्या वाचून झाल्या आणि सरासरी इतकी खाली गेली की तिला औषध म्हणायचं काही कारण उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांबरोबर वाडीत जाताना मी मनाशी खूश होते. बाईंना आज सांगता येणार होतं.

बाई वाटच बघत होत्या. "बांडीचं कवा चालू करू?"

मी तोंड उघडायच्या आत सरांनी विचारलं, "बांडीचंच काहून इचारून राहिले तुमी? बाकीच्यांचं न्हाई इचारत ते?"

"बाकीच्यांचं काय, समदं एका चरवीत पडतंय. च्यात जातंय. बांडीचं न्हाई पडत चरवीत. ती लेकराची हाय."

तेव्हा कुठं उलगडा झाला. बाईंच्या सुनेला दूध आलं नव्हतं. काही महिन्यांचा नातू शेळीच्या दुधावर होता. अशा लेकरासाठी त्यांच्यात एक शेळी ठरवतात, आणि लेकरू दुसरं काही खाऊ लागेपर्यंत त्याला फक्त तिचंच दूध देतात. दुधं मिसळली की लेकराचं पोट बिघडतं, अशी पक्की समजूत. बांडी ही त्या पोराची शेळी होती. गेले काही दिवस ते पोरगं शेजारच्या शेळीच्या दुधावर ठेवलेलं, आणि ते त्याला मानवत नव्हतं. बाईंनी घरातून त्याला आणून दाखवलं. मांडीवर पडून ते बारीक आवाजात रडत होतं, थकलेल्या माणसासारखं.

सर माझ्याकडे वळले. "तुझ्या तक्त्यात बांडी कुठं हाय?"

ते माझ्याशी कधी वाडीच्या भाषेत बोलत नसत. मी तक्ता उघडला. तक्त्यात तिसरा दिवस होता, सरासरी होती, बांडी नव्हती. पण थाळ्या मीच वाचल्या होत्या. सगळ्यांची भोकं कोरी होती आणि एका भोकाभोवती स्पष्ट कडं होतं. इतक्या शून्यांच्या बेरजेत ते एक कडं विरून गेलं होतं.

"एकच होती, सर," मी म्हणाले.

"लेकरू बी एकच हाय."

मग बाईंना सांगावं लागलं की अजून नाही. सांगितलं सरांनीच. धुरपताबाईंचा आवाज चढला. "अवो, उपाशी मरंल की पोरगं! काय व्हतंय थोड्या औषधानं?"

"काय बी व्हनार न्हाई, आसं बी आसंल," सर म्हणाले. "पर मला म्हाईत न्हाई. आन् म्हाईत न्हाई तवर म्या व्हय म्हननार न्हाई."

बाई आम्हाला चहा न देता आत गेल्या. मी हे सगळं बघत होते आणि मला बाईंचं पटत होतं. पोरगं समोर रडत होतं, आणि आमच्याजवळ त्याला द्यायला एक 'माहीत नाही' होतं. सर रस्त्याकडे चालू लागले. डाव्या बुटातला कापूस वर आला होता, तो त्यांनी आत सुद्धा ढकलला नाही. मला म्हणाले, तू नमुने घेऊन कॉलेजात जा. स्वतः भलतीकडच्या जीपमध्ये बसून निघून गेले.

ते गेले ते थेट आखाडा बाळापूरला, बहिणीकडे. पुढचं मला त्यांच्या बहिणीनंच नंतर सांगितलं. सर दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अक्का, तुझी शेळी दे. परत आनून देतो." अक्कांची शेळी नुकतीच व्यालेली, तिला औषधाचा थेंब कधी लागलेला नाही हे सरांना माहीत. पिल्लांसकट शेळी घेऊन सर स्टँडवर आले. कंडक्टर घेईना. सरांनी बरीच हुज्जत घातली. शेवटी बाजारचा दिवस म्हणून कंडक्टरनं माघार घेतली आणि मागच्या सीटजवळ जागा दिली. एक पिल्लू सरांच्या मांडीवर, दुसरं एका अनोळखी आजीबाईंच्या. संध्याकाळी धुरपताबाईंच्या दारात ही वरात उतरली. बाईंनी शेळीच्या तोंडावरून हात फिरवला, धार काढून बघितली, वास घेतला, दूध उकळून गाळून लेकराला वाटीनं पाजलं. पोरानं पहिल्या दिवशी निम्मं ओकलं, दुसऱ्या दिवशी पोटात ठेवलं. त्यानंतर बांडीच्या थाळीवरचं कडं बारीक होत होत पूर्ण मिटेपर्यंत सर रोज विचारायचे, आणि ते मिटल्यावर आणखी एक दिवस त्यांनी वाट बघायला लावली. मग बांडी पुन्हा लेकराची झाली. अक्कांची शेळी काही परत गेली नाही. धुरपताबाईंना ती आवडली, आणि सरांना मागायला जमलं नाही.

बांडीच्या अंगात औषध एवढं का रेंगाळलं? म्हातारी होती, यकृत-मूत्रपिंड थकलं असेल. सरांनी मला थिसिसमध्ये लिहायला लावलं, 'कारण समजलेलं नाही.'

खरी पंचाईत पुढे झाली. विभागप्रमुखांना माझ्या अभ्यासावरून शेळीपालकांसाठी एक छापील पत्रक काढायचं होतं. इंजेक्शननंतर तिसऱ्या दिवसापासून दूध वापरावं, असं एका ओळीत. त्यासाठी थिसिसमध्ये सरासरी हवी होती. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचं म्हणणं मला आजही समजतं. "सगळ्या थिसिसमध्ये सरासरी आणि स्टँडर्ड एरर आहे. तुमचं काम दुसऱ्यांच्या कामाशी ताडून कसं बघणार? परीक्षक हे परत पाठवतील. मुलीचं नुकसान होईल." सर म्हणाले, रक्ताच्या तक्त्यात जिओमेट्रिक मीनच्या बाजूला पाहिजे तर तुमची सरासरीही लावतो. दुधाच्या तक्त्यात लावणार नाही. निम्म्याहून जास्त शेळ्यांत औषध दिसतच नाही, तिथं सरासरी काढायची कशाची? तिथं एकेक शेळी वेगळी लिहायची आणि पत्रकात सर्वांत उशिराची घ्यायची.

माझं नुकसान काय होणार होतं तेही सांगते. पशुधन विकास अधिकाऱ्यांची भरती निघाली होती. मी अर्ज केला होता तो ही पुढची पदवी असलेल्यांसाठी ठेवलेल्या जागेला, आणि मुलाखतीच्या आत पदवी हातात हवी होती. आमचं घर कुरुंद्याजवळ. वडील गवंडी, आई हळदीच्या कामाला. आमच्या विहारात माझ्या नोकरीची चर्चा माझ्या आधीच सुरू झाली होती. सरासरीचा तक्ता लावला तर थिसिस वेळेत मंजूर होणार, हे उघड होतं.

सरांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर काही नव्हतं. "दोन्ही तक्ते टाईप करून आण," ते म्हणाले. "ज्याच्यावर म्हणशील त्याच्यावर सही करतो. नोकरी तुझी आहे."

मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. ते अडून बसले असते तर मी विभागप्रमुखांकडे जाऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी सगळं माझ्या पदरात टाकलं. मी दोन्ही तक्ते टाईप करून घेतले. सरासरीचा वर ठेवला होता. सरांनी पेनचं टोपण काढलं, आणि मला त्या बारीक आवाजाचं रडणं आठवलं. मी खालचा कागद वर घेतला. धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. हात नेला आणि तो कागद निघाला. सरांनी सही केली. शाबास म्हणाले नाहीत. चहा सुद्धा मागवला नाही.

विभागप्रमुखांचं खरं ठरलं. परीक्षकांनी थिसिस परत पाठवला: दुधाच्या तक्त्यात सरासरी दिलेली नाही, खुलासा करावा. सरांनी आणि मी मिळून खुलासा लिहिला. चरवीतलं दूध आणि एका लेकराची शेळी, हे सगळं त्यात आलं. पुढे तो मान्य झाला, एका शब्दाचाही बदल न होता. पत्रकातही सर्वांत उशिराचा दिवस छापला गेला. पण यात महिने गेले, आणि मुलाखत होऊन गेली होती. पुढची भरती कधी निघेल ते कुणालाच माहीत नव्हतं. ती निघाली, मला नोकरी लागली, कळमनुरी तालुक्यात दवाखाना मिळाला, तोवर हिंगोली वेगळा जिल्हाही झाला होता. पण तेव्हा यातलं काही दिसत नव्हतं. मी घरी येऊन आईबरोबर हळदीला जायला लागले होते, आणि एका शेळीपायी माझं वाटोळं झालं असं येता-जाता बोलून दाखवत होते.

हळद शिजवायचे दिवस होते. मोठ्या कढईखाली जाळ चालू होता, वाफेनं डोळे चुरचुरत होते. रस्त्यावरून बुटांचा एक जड आणि एक हलका आवाज आला. सर होते. ते आमच्या घरी कधी आले नव्हते. वडिलांनी घाईघाईनं हात धुतले. "जयभीम सर." "जयभीम," सर म्हणाले, आणि बसायला दिलेल्या बाजेवर बसलेच नाहीत. उभ्यानंच त्यांनी सुरुवात केली. पाठ करून आल्यासारखं.

"मी माफी मागायला आलोय. तुमच्या पोरीचं एक साल माझ्यामुळं वाया गेलं. मी तिला अडवायला पाहिजे होतं. गाईड म्हणून ते माझं काम होतं. तुमी काय बोलायचं ते मला बोला."

वडील माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता आई बोलणार. आईची जीभ सगळ्या आळीला माहीत होती, आणि महिनाभर मी तिच्या कानात हेच ओतलं होतं. आईनं कढई ढवळायचं लाकूड बाजूला ठेवलं, पिवळे हात लुगड्याला पुसले.

"ते लेकरू कसं हाय?" तिनं विचारलं.

सरांना प्रश्न कळला नाही, असं वाटलं. मग त्यांचा चेहराच बदलला. "बरं हाय," ते म्हणाले. "परवाच जाऊन आलो. बाजंला धरून उभं राहून राहिलं. दोन दात आले. मला चावलं बी."

"मंग?" आई म्हणाली. "मंग आमच्या पोरीचं साल वाया गेलं आसं काहून म्हनून राहिले तुमी?"

सर बाजेवर बसले. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. वाफ डोळ्यांत जाते, असं वडील कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. मी कढईकडे पाठ करून उभी होते. मला वळून कुणाकडेच बघवेना.